बाजेचा चौथा पाय

माझ्या आजोळचा इतिहास दोन कालखंडांत मोडतो: बिबट्याच्या आधीचा आणि बिबट्याच्या नंतरचा. थोरल्या मामेबहिणीचं लग्न बिबट्याच्या आधी झालं, बोअर बिबट्याच्या नंतर घेतलं, आणि आजी गेली ती 'बिबट्या आला त्याच्या पुढच्या नागपंचमीला'. इसवी सन, शके वगैरे तिथं कुणी विचारत नाही.

हा बिबट्या रात्री कुत्र्यामागे धावता धावता बिनकठड्याच्या विहिरीत पडला. जुन्नर तालुक्यात यात नवल काहीच नाही. कुकडीच्या पाण्यावर ऊस वाढला, उसात बिबटे वाढले, आणि विहिरींना कठडे बांधायचे तेवढे राहून गेले. सकाळी मोटार चालू करायला गेलेल्या माणसाला विहिरीतून गुरगुर ऐकू आली. आधी त्याला वाटलं, मोटारच जळाली. मग वनखातं आलं, गाव आलं, शेजारची गावं आली, भेळवाला आला. पिंजरा यायला वेळ होता आणि बिबट्या पोहून पोहून थकला होता, म्हणून चारी कोपऱ्यांना दोर बांधून एक बाज खाली सोडण्यात आली. बिबट्या तिच्यावर चढला आणि पिंजरा येईपर्यंत मानपान राहिलेल्या जावयासारखा फुगून बसून राहिला. संध्याकाळी तो माणिकडोहच्या निवारा केंद्रात गेला आणि रात्री बातम्यांत आला.

ती बाज आमची होती.

म्हणजे असं मामा म्हणतात. वेशीजवळचे तात्या म्हणतात की ती त्यांची होती. त्या दिवशी विहिरीवर तीन बाजा आल्या होत्या, हे दोन्ही पक्षांना मान्य आहे. एक विहिरीत गेली. दुसरीवर वनखात्याचे साहेब बसले. तिसरीवर नीट दिसावं म्हणून पोरं उभी राहिली आणि ती मोडली. साहेब बसले ती बाज सरपंचांची, याबद्दलही वाद नाही, कारण साहेब दुसऱ्या कुणाच्या बाजेवर बसणं शक्यच नव्हतं. प्रश्न उरतो तो बिबट्याची बाज कुणाची आणि पोरांनी मोडलेली कुणाची. विहिरीतल्या बाजेच्या बिबट्याने चिंध्या केल्या, मोडलेली बाज त्याच रात्री चुलीत गेली. पुरावा असा काही उरलाच नाही.

इतकी वर्षं हा वाद पारावर सुखाने नांदत होता. पण गेल्या वर्षी तात्यांच्या अमृतमहोत्सवात निवेदकाने माईकवर सांगितलं, "ज्यांच्या बाजेने एका मुक्या जिवाचे प्राण वाचवले असे आपले सत्कारमूर्ती..." मामा पानावरून उठले. जिलबी तशीच टाकून उठले, यावरून प्रकरणाचं गांभीर्य ध्यानात यावं. रात्री दहाला मला पुण्यात फोन.

"तू कॉम्प्युटरमधला ना?"

"हो मामा, पण मी पगारपत्रकाचं..."

"मग ती बातमी काढ. समद्या जुन्या बातम्या त्या यूट्यूबात पडल्यात म्हणं."

"कुठल्या चॅनेलवर आली होती?"

"लाल पट्टीवाल्या."

"मामा, सगळ्यांचीच पट्टी लाल असते."

"बोलणारा पोरगा चष्म्याचा व्हता."

"बरं, साल कुठलं?"

"त्या साली टोमॅटोला भाव नव्हता."

नारायणगावच्या टोमॅटो बाजाराच्या छायेत वाढलेल्या माणसाला एवढा तपशील पुरेसा वाटतो. मला त्यातून इतकंच समजलं की ते साल २०२३ नव्हतं. त्या वर्षीच्या जुलैत टोमॅटोने तालुक्यातल्या काही शेतकऱ्यांना करोडपती केलं होतं आणि चॅनेलवाले त्यांच्या बांधावर रांग लावून उभे होते. बाकी सगळी सालं शिल्लक राहिली.

चॅनेलचं तर विचारूच नका. २००० मध्ये ई टीव्ही मराठी आलं, २००७ मध्ये झी २४ तास आणि स्टार माझा आले, पुढच्याच वर्षी आयबीएन लोकमत आलं. पुढे स्टार माझाचं एबीपी माझा झालं आणि आयबीएन लोकमतचं न्यूज१८ लोकमत. लग्नानंतर नाव बदललेल्या वर्गमैत्रिणी शोधणं एक वेळ सोपं. मामांच्या लेखी मात्र ही सगळी एकच वाहिनी, ज्यावर चष्म्याचा पोरगा बोलतो.

मी 'बिबट्या विहिरीत पडला' असं टाइप केलं आणि जुन्नर, शिरूर, आंबेगाव, संगमनेर, निफाड इथल्या समस्त विहिरी माझ्यासमोर उघडल्या. प्रत्येक विहिरीत एक बिबट्या होता. प्रत्येक बिबट्याभोवती एक लाल वर्तुळ होतं आणि त्या वर्तुळाकडे एक लाल बाण रोखलेला होता. विहिरीत दुसरं काहीच नसताना बिबट्या कोणता हे बाणाने दाखवायची गरज का पडावी, ते मला उमगलं नाही. प्रत्येक बातमीत 'थरार' होता, 'परिसरात एकच खळबळ' होती, आणि शेवटी बिबट्याला 'जीवदान' होतं. संगीत सगळ्यांना एकच. भयपटात दार करकरताना वाजतं ते.

आणि प्रत्येक ठिकाणी एक वार्ताहर विहिरीकडे पाठ करून सांगत होता, "बिबट्या जो आहे तो या ठिकाणी कुठेतरी विहिरीत पडलेला आपल्याला पाहायला मिळतोय." कुठेतरी! त्याच्या मागे दहा फुटांवर बिबट्या ढळढळीत दिसतोय, गाव त्याच्याकडे बोट दाखवतंय, आणि हा गृहस्थ 'कुठेतरी' म्हणतोय. मराठी वृत्तवाहिन्यांत 'कुठेतरी', 'या ठिकाणी' आणि 'जे आहे ते' हे तीन शब्दप्रयोग काढून घेतले तर अर्ध्या तासाचं बातमीपत्र दहा मिनिटांत आटपेल आणि उरलेल्या वेळेत जाहिराती दाखवायची सोय होईल. ही सूचना मी कुणाला केलेली नाही. ती लगेच अमलात येईल अशी भीती वाटते.

मामांचा रोज फोन. "घावली का?"

"बघतोय मामा. बिबटे फार आहेत."

"आपल्या मळ्यातनं ती खोडदची तबकडी दिसती का नाय? ती म्हणं अब्जावधी वर्सांपूर्वी निघालेला आवाज पकडती. तुला दहा-बारा वर्सांमागचा बिबट्या घावंना?"

खोडदची महाकाय रेडिओ दुर्बीण म्हणजे तीस तबकड्या, एकेकीचा व्यास ४५ मीटर. त्यांतली एक मामांच्या मळ्यातून दिसते आणि घरातल्या कुणालाही नालायक ठरवायचं झालं की मामा तिच्याकडे हात करतात. मी म्हटलं, "मामा, त्या तबकडीला मध्ये जाहिराती लागत नाहीत." यावर त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून त्यांनी फोन ठेवला.

जुन्या बातम्यांचं एक वाईट असतं. माणूस एक बघायला जातो आणि भलतीच बघत बसतो. बिबट्या शोधता शोधता मी खड्ड्यांत गेलो. दर जुलैला कुठल्या ना कुठल्या शहरात नागरिक खड्ड्यात झाड लावून निषेध करतात, आणि दर जुलैला महापालिकेचा अधिकारी सांगतो की पाऊस थांबला की काम सुरू होईल. मी सलग पाच-सहा पावसाळ्यांचे खड्डे पाहिले. अधिकारी बदलले, शर्ट बदलले, पाऊस थांबण्याची वाट तीच. मग दहावीचे निकाल. यंदाही मुलींचीच बाजी. पेढ्याचा बॉक्स, भरवताना अर्धा पेढा नाकाला, आणि 'तुला काय व्हायचंय?' या प्रश्नावर मुलीच्या आधी आईचं उत्तर. मग वाशीच्या बाजारात हापूसची पहिली पेटी. तिला हार, अगरबत्ती, नारळ. त्यानंतर मुंबईचा पहिला मोठा पाऊस: हिंदमाता, मिलन सबवे, आणि गुडघाभर पाण्यात उभा राहून श्वास रोखत बोलणारा वार्ताहर. त्याच्या मागून एक काका पिशवी घेऊन, घोट्याएवढ्या पाण्यातून, शीळ वाजवत निघून जातात. वार्ताहराने नेमका खोलगट कोपरा गाठलेला असतो. मला तो काका फार आवडला. पुढच्या वर्षीच्या पावसातही तोच आहे की काय, हे मी रात्री एकपर्यंत तपासत होतो.

"बिबट्या मिळाला का?" बायकोने विचारलं.

"नाही, पण लासलगावात कांदा पडलाय."

"तो कधी उभा होता?" म्हणून ती झोपायला गेली.

एव्हाना माझ्या मोबाईलची खात्री पटली होती की मी वनखात्यात आहे. त्याने मला हातमोजे, टॉर्च आणि पिंजऱ्यांच्या जाहिराती दाखवायला सुरुवात केली.

खरा मजकूर मात्र बातमीत नसतो, तो मागे असतो. मागे जे उभे असतात त्यांच्यात एक जण मोबाईल कानाला लावून घरी सांगत असतो, "लाव लाव, टीव्ही लाव, मी निळ्या शर्टात!" एक जण आपण कॅमेऱ्याकडे बघतच नाही असं दाखवत दर दोन सेकंदांनी कॅमेऱ्याकडे बघतो. एक पोरगा हात हलवतो. हा पोरगा सगळ्या बातम्यांत आहे: अपघात, उपोषण, गारपीट, मंत्र्यांचा दौरा. महाराष्ट्रात कुठेही काही घडलं की तो तिथं पोहोचतो. आणि ज्याला बोलायला पुढे ढकलतात तो माणूस, घरी साधं मीठ मागायलाही शिवी घालणारा, माईक समोर येताच शुद्ध शासकीय मराठीत सुरू होतो: "सदर घटनेकडे प्रशासनाने तात्काळ लक्ष द्यावे, अन्यथा तीव्र आंदोलन छेडण्यात येईल." विहिरीत पडलेल्या बिबट्याच्या बातमीत मी हे वाक्य ऐकलं आहे. आंदोलन कुणाविरुद्ध छेडणार होते, बिबट्याला माहीत.

मामीला या सगळ्याचा तिटकारा आहे. "आमच्या टायमाला बातम्या सांगायचे," ती म्हणते, "आता वरडत्यात." तिच्या टायमाला म्हणजे दूरदर्शनच्या. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं आणि पुढच्या वर्षी सिंहगडावरून प्रक्षेपण होऊ लागलं. गावात पहिला टीव्ही आला तेव्हा एक जण कौलांवर, एक अंगणात, एक टीव्हीपुढे, असं तिघांचं मनुष्यबळ बातम्यांना लागायचं. अँटेना शिवनेरीकडे वळली की मुंग्या, सिंहगडाकडे वळली की प्रदीप भिडे. भिडे धरण भरल्याची आणि सरकार पडल्याची बातमी एकाच आवाजात वाचायचे, म्हणून दोन्हीवर विश्वास बसायचा. मामा तर त्याही आधीचे. ते तरुणपणी भायखळ्याच्या भाजीबाजारात कामाला होते आणि चाळीतल्या एकुलत्या टीव्हीवर स्मिता पाटील बातम्या वाचायची तेव्हा दारात उभं राहून बघायचे. बातम्या काय होत्या, असं मी एकदा विचारलं. "चांगल्या व्हत्या," मामा म्हणाले.

त्या काळात बिबट्या विहिरीत पडला असता तर बातमीत आलाच नसता. यायचं झालंच तर आधी कुणा मंत्र्याच्या हस्ते विहिरीचं उद्घाटन व्हायला हवं होतं. आणि आला असता तरी राहिला नसता. बरंच काही थेट जायचं, टेप महाग होती, आणि जुनं पुसून त्यावरच नवं घ्यायची रीत होती. आज उलट झालंय. पुसत कुणी काहीच नाही. सगळं साठलंय, आणि म्हणून काहीच सापडत नाही.

शेवटी मी एका वाहिनीच्या कार्यालयात फोन लावला. जुन्या चित्रीकरणाचा विभाग मिळेपर्यंत माझा फोन कँटीन आणि पार्किंगमध्ये जाऊन आला.

"मला बिबट्याचं फुटेज हवं होतं."

"उसातला की विहिरीतला?"

"विहिरीतला."

"पोहणारा की बाजेवरचा?"

"बाजेवरचा!" मी आनंदाने ओरडलो.

"बाजेवरचे पुष्कळ आहेत सर. तारीख?"

टोमॅटोचं सांगायचं माझ्या ओठांवर आलं होतं. मग त्यांनी दर सांगितला. तो सेकंदावर होता. आमचा बिबट्या बाजेवर दोन तास बसला होता. मी आभार मानून फोन ठेवला.

आणि मग एका रात्री, बायको माहेरी गेली असताना, एका धूसर क्लिपमध्ये विहिरीच्या मागे क्षितिजावर मला ती दिसली. तबकडी! तारांच्या जाळीची, आकाशाकडे तोंड करून बसलेली, मामांच्या सगळ्या उपमांची आई. तिच्या अलीकडे ऊस, उसाअलीकडे गर्दी, गर्दीअलीकडे चष्म्याचा पोरगा. पट्टी लाल. मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. अब्जावधी वर्षांपूर्वीचा आवाज शोधणाऱ्या शास्त्रज्ञांना पगार तरी मिळतो.

क्लिप पावणेदोन मिनिटांची. सुरुवातीला 'प्रत्यक्षदर्शी' म्हणून एका गृहस्थांची प्रतिक्रिया. डोळे विस्फारून ते बिबट्या कसा पडला ते सांगत होते. नीट पाहिलं तर तो भेळवाला होता. तो दुपारी बाराच्या एसटीने मंचरहून आला, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. पण हातात माईक दिल्यावर 'मी नव्हतो' असं म्हणणारा मराठी माणूस अजून जन्माला यायचाय.

मग विहीर. मग बाज. आणि बाजेवर तो.

इथं घराण्याचं एक गुपित सांगायला हवं. आमच्या बाजेचे तीन पाय सागाचे आणि एक बाभळीचा होता. मूळचा चौथा पाय आजोबांनी एका भांडणात वापरला होता. बाभळीचा पाय इतरांपेक्षा काळा आणि बोटभर आखूड, त्यामुळे बाजेवर झोपणारा माणूस सकाळी एका कोपऱ्यात सापडायचा. तात्यांची बाज चारी पायांनी सागाची. म्हणजे चौथा पाय दिसला की निकाल.

पडद्यावर तीन पाय लख्ख दिसत होते. तिन्ही सागाचे. चौथा, डावीकडे खालचा, लाल पट्टीच्या मागे होता. पट्टीवर लिहिलं होतं, 'बिबट्याचा थरार'. तिच्याखाली दुसरी पट्टी, सोन्याच्या भावाची. आणि त्या दोन्हींच्या वर, नेमक्या पायाच्या जागी, पावणेदोन मिनिटांपैकी जवळजवळ पावणेदोन मिनिटं, मूळव्याधीवर खात्रीशीर उपाय.

मी मामांना क्लिप पाठवली. पाच मिनिटांत फोन.

"ती पट्टी जरा वर सरकव."

"मामा, ती सरकत नाही. चित्रातच आहे ती."

"मग बाजूनं बघ. वाकून."

"मामा, टीव्हीत वाकून मागचं दिसत नाही."

"मग तू कसला कॉम्प्युटरमधला?"

पट्टीविना मूळ चित्रीकरण असेल तर ते चष्म्याच्या पोराकडेच. हा पोरगा आता पोरगा राहिलेला नाही. तालुक्याच्याच एका गावात त्याचा फोटो स्टुडिओ आहे आणि तो अजूनही बातम्या पाठवतो. त्याने चहा मागवला आणि जुने दिवस काढले. तेव्हा इंटरनेट असं कुठं होतं? शूट झालं की कॅसेट पाकिटात घालायची, पुण्याच्या एसटीच्या ड्रायव्हरच्या हातात द्यायची, वर चहापाण्याचे वीस रुपये. शिवाजीनगरला कुणीतरी उतरवून घ्यायचं. एकदा गाडी चाकणला बंद पडली तर ताज्या घडामोडी दुसऱ्या दिवशी पोहोचल्या होत्या.

मग त्याने लोखंडी कपाट उघडलं. आत छोट्या कॅसेटींच्या रांगा, प्रत्येकीवर बॉलपेनने चिठ्ठी: 'गारपीट + साखरपुडा'. 'पालकमंत्री दौरा / बारसं'. 'रास्ता रोको, मग डोहाळजेवण'. तालुक्याचं एवढं खरं दफ्तर तहसील कचेरीतसुद्धा नसेल. शेवटच्या खणात ती होती: 'बिबट्या (विहीर), लग्न मंचर'.

त्या लग्नाकडे माझं लक्ष जायला हवं होतं, पण मी बिबट्यावर खूश होतो.

कॅसेट वाजवायला दुसरं यंत्र नव्हतं, म्हणून त्याने तोच जुना कॅमेरा काढला, त्याचा पानाएवढा पडदा उघडला, आणि आम्ही दोघं डोक्याला डोकं लावून बसलो. पट्टी नाही, मूळव्याध नाही. स्वच्छ ऊन, दोरांची करकर, कुणीतरी ओरडतंय, "आरं ढील दे, ढील!" कॅमेरा हळूहळू खाली यायला लागला. बिबट्याचं तोंड. पंजा. बाजेची सुतळी. पहिला पाय. दुसरा. तिसरा. माझा श्वास अडकला. कॅमेरा डावीकडे वळला, पडदा क्षणभर निळा झाला, आणि एका बाईने कॅमेऱ्याकडे बघत नवरीच्या गालाला हळद लावली.

"हे काय?"

"हळद," तो म्हणाला.

"ते दिसतंय! बिबट्या कुठाय?"

"सीझन होता हो. बातमीचे पैसे तीन महिन्यांनी यायचे, लग्नाचे हातावर. कोरी कॅसेट नव्हती." मग जरा थांबून म्हणाला, "लग्न टिकलंय मात्र. दोन पोरं आहेत."

पुराव्याअभावी प्रकरण इथंच मिटायला हवं होतं. पण मामांनी क्लिप गावात दाखवायचं आधीच जाहीर केलं होतं. मारुतीच्या देवळात ग्रामपंचायतीचा प्रोजेक्टर आणला. सगळं गाव लोटलं. तात्या पहिल्या रांगेत, मामा पहिल्या रांगेत, मधे सरपंच. मी पट्टीसकट क्लिप लावली आणि चौथ्या पायाकडे लक्ष द्यायला सांगितलं.

एकाही माणसाने पायाकडे पाहिलं नाही.

"आरं त्यो बघ मी! किती बारीक होतो!" "माझे केस बघ, केस!" "मागं घ्या, मागं घ्या, आमची म्हस दिसली." मी मागे घेतलं. म्हैस पाहून झाली. मग कुणाला आपली जुनी मोटारसायकल दिसली, कुणाला आपलं पाडलेलं घर. एका कोपऱ्यात काठी टेकवत पोरांना हाकलणारी म्हातारी दिसली तेव्हा मामी म्हणाली, "आत्या," आणि मला पुन्हा मागे घ्यायला लावलं. चारदा. हात हलवणारा पोरगा अर्थातच होता. तो आता ग्रामपंचायत सदस्य आहे.

मग एका बाईचा आवाज आला, "अहो, तुम्ही तर त्या दिशी सातबाऱ्याला जुन्नरला गेला हुता ना?" पडद्यावर तिचे यजमान झाडावर बसून भेळ खात होते. प्रोजेक्टर बंद करा, अशी पहिली मागणी त्यांनी केली. दुसऱ्या दिवशी त्यांचा मला पुण्याला फोनही आला: ती बातमी काढून टाकायला साधारण किती खर्च येईल? त्याच्या मागोमाग आणखी फोन सुरू झाले. गारपिटीच्या साली मंत्र्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला होता, तेवढं काढून दे. दुष्काळात आमच्या हंड्याचा फोटो आला होता. बैलगाडा शर्यत परत चालू झाली तेव्हा मी नाचलो होतो, पण घरी दाखवायची नाय, नुसती मला पाठव. सगळ्यांच्या बातम्या लाल पट्टीवाल्या चॅनेलवर आल्या होत्या.

मामा आणि तात्या मात्र स्वस्थ बसले नाहीत. जुना पुरावा गेला तर गेला, पुढच्या बिबट्याला घोटाळा व्हायला नको, असा विचार दोघांनीही केला आणि दोघांनीही नवीन बाजा करवल्या. मामांनी पेंटर बोलावून चारही पायांवर पांढऱ्या ऑइलपेंटने आपलं नाव घातलं. बाज विहिरीत उलटी पडली तर, म्हणून खालच्या बाजूनेही घातलं. तात्यांच्या नातवाने 'सौजन्य' असं वर लिहून खाली मोबाईल नंबर टाकला, आणि नंबर पट्टीच्या आड जाऊ नये म्हणून बाजेच्या उशाकडच्या बाजूला, वर, घेतला. चॅनेलचा अभ्यास त्याचा चांगला आहे.

त्याच महिन्यात ग्रामसभेत विहिरींना कठडे बांधायचा आणि वर जाळी टाकायचा ठराव आला. निधी मंजूर होता. वनखात्याचे साहेब स्वतः आले होते, आणि सरपंचांच्या बाजेवरच बसले होते. ठरावाला विरोध कुणाचा, असं विचारल्यावर दोनच हात वर गेले. मामा आणि तात्या. शेजारी शेजारी बसून, इतक्या वर्षांत पहिल्यांदा एका बाजूला.

"अहो, पण कारण काय?" साहेबांनी विचारलं.

"मुका जीव आहे," तात्या म्हणाले. "त्याला कुठंतरी पाणी नको का?"

"प्रशासनाने या गोष्टीकडं लक्ष द्यावं," मामा म्हणाले.

सभा तहकूब झाली. मामी मागच्या रांगेतून उठली, पदर खोचला आणि घरी येऊन ती नवी बाज अंगणातून ओढत आत घेऊन गेली. बिबट्या पडेल तेव्हा पडेल, म्हणाली, माझी पाठ आज धरलीय.